मेंढ्यांची मोजणी, बार्दारदालूर

मार्चचा दुसरा आठवडा, दरीत अजून बर्फच.
दहाला स्टाइनव्हर येणार, सोनोग्राफीचं यंत्र घेऊन,
गाभण मेंढ्यांच्या पोटातली कोकरं मोजायला.
आफींचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, खुबा नवा आहे.
मेंढवाड्यात उतरायची मनाई.
पंचावन्न वर्षांत पहिल्यांदाच
मोजणीच्या दिवशी ते स्वयंपाकघरात, टीव्हीसमोर.

म्हणून हे सगळं मांडलंय उलट्या बादलीवर,
गवताच्या आणि लेंड्यांच्या वासात:
पंजाएवढा कॉम्प्युटर,
त्याच्या शेजारी कॅप्चरचा हिरवा तुकडा,
मधे पांढरी चपटी केबल,
जी आधी पालथी बसली
आणि मी अर्धा तास भलत्यालाच नावं ठेवत होते.

सिग्नल नाही.
यंत्र चालू, एचडीएमआय घट्ट,
तरी सिग्नल नाही.
मग लक्षात आलं, यंत्र आधी चौकशी करतं,
सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखं:
नाव काय, कूळ कोणतं,
किती रेषा पेलतील, कोणते रंग चालतील.
टीव्हीला हे तोंडपाठ असतं.
माझा तुकडा कोराच जन्मलेला. तो गप्प राहिला,
आणि पलीकडून दार लागलं.

मी त्याला ओळख लिहून दिली.
दोनशे छप्पन्न बाइट, त्यातले निम्मे
एका जुन्या मॉनिटरकडून उसने.
साठ फ्रेम मागू नकोस, हेही घातलं, पन्नासच माग,
केबलीत दोनच पदर आहेत.
बोटं गारठलेली. एक अंक चुकला. पुन्हा पहिल्यापासून.

मग काळं हललं.
करडं झालं. करड्यात एक पोकळी,
पोकळीत कंगव्याच्या दातांसारख्या बरगड्या
आणि त्यांच्या आत काहीतरी
भलत्याच घाईत उघडमीट करणारं.
फोनवर आफी काहीच बोलले नाहीत.
नंतर म्हणाले, "वही सापडली. चालू करा."

स्टाइनव्हर खाली बसून, हात मेंढीच्या कासेशी,
नजर पडद्यावर, अंगठा बटणावर.
कोपऱ्यात ठिपका उमटतो:
एकटं असेल तर लाल, तिळं असेल तर निळा,
जुळं असेल तर ठिपकाच नाही.
तिळ्यांच्या आयांना एप्रिलपासून जास्त चारा,
एकट्यांच्या आयांना कमी, नाहीतर कोकरू मोठं होऊन अडतं.
आफी लिहीत होते. मेंढ्या सरकत होत्या.

एकेचाळिसाव्या मेंढीला फोन वाजला.
"गोल्साला तिळं?"
"निळा ठिपका आहे, आफी."
"सात वर्षांत तिनं एकापलीकडे दिलेलं नाही.
तिची आईही तसलीच होती, चिक्कू.
तुझ्या डब्यात काहीतरी उलटं आहे."

मला वाटलं, औषधं बोलतायत.
तरी जाऊन स्टाइनव्हरच्या पडद्यात डोकावले.
लाल.
परत बादलीपाशी. निळा.
सकाळपासून माझ्याकडे लाल आणि निळा
एकमेकांच्या जागेवर बसले होते
आणि करड्यानं मला पत्ता लागू दिला नाही,
कारण करड्यात तिन्ही रंग सारखेच,
कसेही मांडा, कोकरू तसंच दिसतं.

स्टाइनव्हर हसत हसत गवतावर आडवी झाली.
मी एका ओळीत तीन अक्षरं फिरवली.
ठिपका लाल झाला. गोल्सा निघून गेली,
तिला कसलंच सोयरसुतक नव्हतं.

संध्याकाळी वही पाहिली.
आफींनी काहीच खोडलं नव्हतं.
पानाच्या डोक्यावर एक ओळ फक्त:
एक ते एकेचाळीस, तीनला एक वाचावं, एकला तीन.
खाली सही, तारीख.

उद्या हा डबा आर्नग्रीमुरकडे जायचा,
त्याच्या तीनशे मेंढ्यांसाठी. मी केबल गुंडाळत होते.
"नीट तपासून दे," आफी कपात साखर ढवळत म्हणाले,
"त्याच्या मेंढ्या मला ओळखू येत नाहीत."